दोनच माणसांची गाडी

लग्नाची सगळी कामं वाटून झाल्यावर माझ्या वाट्याला गाडी आली.

वाटप आमच्या हिने केलं. हॉल, जेवण, भटजी, साड्या, आहेर, फोटोवाला, सगळं कमळाने स्वतःकडे घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही गाडीचं तेवढं बघा." मला मोठं काम न देण्यामागे तिची कारणं आहेत. पुतण्याच्या लग्नात पत्रिका छापून आणायचं काम मी केलं होतं, तेव्हा वराच्या जागी वराच्या काकाचं, म्हणजे माझं, नाव छापून आलं. चूक छापखान्याची होती. घरात मात्र ती अजून माझ्या नावावर आहे.

तर गाडी. आमची एकुलती एक मुलगी दिशा पुण्यात गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. तिचा होणारा नवरा अजिंक्य मूळचा देवरूखचा, लोट्याला एका केमिकल कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. त्याच्या शिफ्टमधल्या मित्रांनी लग्नाची भेट म्हणून ठरवलं, की नवरी घरापासून हॉलपर्यंत स्पोर्ट्स कारमधून यायची. भाडं मित्रांचं. मिरजोळ्याला एमआयडीसीत रितेश नावाचा एकजण लग्नाला असल्या गाड्या देतो. त्याच्याकडे दोन आहेत, एक कन्व्हर्टिबल आणि एक कूपे. अजिंक्यचा फोन आला, "काका, दोन्हीतली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. तुम्ही टायरमधले."

मी टायरमधला आहे हे खरं. एस.टी.च्या कार्यशाळेत टायर विभागात एकतीस वर्षं काढून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. कुठला टायर किती चालला, कुठला नवं रबर चढवून घ्यायला रिमोल्डला जाईल, हे मी नुसता हात फिरवून सांगायचो. पण टायरच्या वर काय असतं त्याच्याशी माझा संबंध कधी आला नाही. मी स्कूटर चालवतो. हे मी अजिंक्यला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण होणारा जावई आदराने काही विचारतोय, अशा वेळी माणसाच्या तोंडून आपोआप "बघतो मी" असं निघतं.

कूपे म्हटल्यावर मला आधी रेल्वेचा फर्स्ट क्लासचा कूपे आठवला. दोन माणसांचा, आतून कडी लागणारा. नवीन लग्न झालेल्यांना तो योग्यच, असं माझं मत झालं. कन्व्हर्टिबल म्हणजे काय ते मात्र मला दिशाला फोन करून विचारावं लागलं. तिने दोन मिनिटांत समजावलं. जिचं छप्पर मागे जातं ती कन्व्हर्टिबल, जिचं जात नाही ती कूपे. मग ती आणखी काही सांगू लागली, तेवढ्यात मला गॅसवाल्याने हाक मारली आणि मी फोन ठेवला.

आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, एका चढाच्या गल्लीत आहे. गल्लीत बातमी लपत नाही. संध्याकाळी दादूकाका पिलणकर येऊन ओट्यावर बसले. दादूकाका म्हणजे दादू तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या होड्या समुद्रावर नेल्या आणि परत आणल्या, त्यामुळे पाण्यावरच्या आणि जमिनीवरच्या सगळ्याच गोष्टींवर त्यांचा अधिकार आहे.

"अन्या, ती इन्व्हर्टरवाली गाडी घेतोस म्हणे?"

"कन्व्हर्टिबल, काका. छप्पर उघडणारी."

"मग तीच घे. होडीला कोणी छप्पर घालतं काय? काय झालंच तर उडी मारता आली पाहिजे."

"लग्नाच्या गाडीतून उडी कशाला मारेल ती?"

"ता तुला काय माहीत," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

कमळाही कन्व्हर्टिबलच्याच बाजूची निघाली. तिचं म्हणणं साधं होतं. "एवढी नऊवारी, एवढे दागिने घालून पोरीला नटवायची आणि डब्यात कोंबून न्यायची? लोकांनी बघायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी देवरूखहून विहीणबाईंचा फोन. योगिनीताई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी फोनवर त्या बोलायला लागल्या की मी उभा राहतो. "अनिलराव, मला अजिंक्यने सगळं सांगितलं. गाडी बंदच हवी. तुमच्याकडचे रस्ते खणून ठेवलेत, तांबडा धुरळा केवढा! माझी सून हॉलवर पोचेपर्यंत विटेसारखी दिसेल. शिवाय दहा जणांच्या नजरा. कूपे ठरवा."

मी "बरोबर आहे तुमचं," म्हणालो. आदल्या दिवशी कमळालाही मी हेच म्हणालो होतो, आणि दादूकाकांनाही. माझ्यासारख्या माणसाची अडचण ही, की मला सगळ्यांचंच पटतं.

मग मी मिरजोळ्याला गेलो. रितेशच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, कूपे पिवळी, कन्व्हर्टिबल लाल. रितेश तिशीतला, पांढऱ्या पँटीतला, केस कापून बाजूला नक्षी काढलेला. त्याने बटण दाबलं, तशी लाल गाडीची डिकी वर झाली, छप्पर घडी घालून आत गेलं आणि डिकी मिटली. अठरा सेकंद लागतात म्हणाला. मी घड्याळ लावून बघितलं, वीस लागले. माणूस कसा आहे याची मी मनात नोंद घेतली.

मी चारी चाकं तपासली. टायर उत्तम होते. मग विचारलं, "स्टेपनी कुठाय?"

"काका, असल्या गाडीला स्टेपनी नसते."

"दोन्हीला नाही?"

"दोन्हीला नाही."

एकतीस वर्षांत एकही गाडी स्टेपनीशिवाय डेपोबाहेर सोडली नव्हती. मला घाम फुटला. रितेशने पाणी दिलं.

निर्णय शेवटी लागला तो हौसाबाईंमुळे. हौसाबाई आमच्या समोर राहतात, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकतात. त्या एवढंच म्हणाल्या, "गो कमळा, बायच्या डोक्यावर खोपा केवढा असणार? तो गाडीत मावतो काय, ता बघितलास?"

ते कोणीच बघितलं नव्हतं. दिशा त्या शनिवारी घरी आलेली होती. दोघींनी तिला पाटावर बसवली, डोक्यावर लोकरीचा गुंडा ठेवून त्याभोवती गजऱ्याऐवजी उपरणं गुंडाळलं, आणि मी पाटापासून वरपर्यंत टेप लावला. दिशा म्हणाली, "बाबा, मी काय म्हणते..." कमळा म्हणाली, "हलू नकोस, माप चुकेल." सदतीस इंच भरले. मी ते माप घेऊन परत मिरजोळ्याला गेलो. कूपेच्या सीटपासून छतापर्यंत पस्तीस. कन्व्हर्टिबल उघडी ठेवली तर आकाशापर्यंत मोकळीक.

योगिनीताईंना मी हे आकड्यांसकट कळवलं. आकडे त्यांनी लिहून घेतले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण धुरळ्याचं मी सांगून ठेवलंय, लक्षात असू द्या."

अशी लाल गाडी ठरली. मी दोन दिवस बऱ्यापैकी समाधानात होतो. तिसऱ्या दिवशी कमळाने भाजी चिरता चिरता विचारलं, "त्या गाडीत माणसं किती बसतात?"

"दोन."

"म्हणजे दिशा आणि कोण?"

मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. दिशा आणि ड्रायव्हर. गाडी रितेश स्वतःच चालवतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. करवली नाही, आई नाही, मीही नाही. वीस दिवस खपून मी मुलीसाठी अशी गाडी निवडली होती, जिच्यात बापाला जागा नव्हती. कूपे घेतली असती तरी तेच झालं असतं, पण या विचाराने काही बरं वाटेना.

दादूकाकांनी सुचवलं, की मी मागे डिकीवर पाय सोडून बसावं. रितेशला विचारल्यावर तो म्हणाला, "काका, पत्रा चेपेल." शेवटी असं ठरलं, की दिशा रितेशबरोबर पुढे, बाकी घरची माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमधून मागे, आणि मी स्कूटरवरून मधे. कमळा म्हणाली, "तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं?" आणि उगाचच अंगणात जाऊन नळ चालू आहे का ते बघून आलो.

यानंतर गतिरोधकाचं प्रकरण सुरू झालं. ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण त्यात माझी बाजू कोणी नीट ऐकून घेतलेली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. बारा वर्षांपूर्वी पोरं तिथून मोटारसायकली उडवत यायची, म्हणून गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून तो रातोरात सिमेंटचा घातला. त्या कामाच्या समितीचा अध्यक्ष मी होतो. नारळ मी फोडला होता. तेव्हा त्याची उंची कोणी मोजली नव्हती. आता मी मोजली, पावणेपाच इंच. लाल गाडीचं पोट जमिनीपासून पाच इंच. रितेश म्हणाला, तिरकी घेतली की जाईल. पण पाव इंचावर मुलीचं लग्न सोडायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून तो गतिरोधक थोडा तासून द्यावा असा अर्ज घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे अजून माझी कामं असतात.

टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला, एक जाडजूड वही उघडली आणि बोट खाली खाली नेत म्हणाले, "त्या ठिकाणी गतिरोधक नाही."

"अहो, आत्ताच मी स्कूटर त्याच्यावरून घेऊन आलो."

"ते तुमचं म्हणणं झालं. रेकॉर्डला नाही."

"मग बेकायदेशीर आहे म्हणून पाडून टाका."

"नसलेला पाडायचा कसा? कशाखाली दाखवू?" हे त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की क्षणभर मलाच शंका आली. मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "असं करा, आधी त्याची नोंद घ्या म्हणून अर्ज द्या. एकदा नोंद झाली की पुढचं बघता येईल."

मी तिथेच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. नोकरीत असे अर्ज खूप लिहिले आहेत, त्यामुळे शेवटचं वाक्य हातातून आपोआप उतरलं, 'तरी सदर गतिरोधकाची नोंद घेऊन योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.' साहेबांनी शिक्का मारला. मी खूश होऊन घरी आलो. योग्य ती कार्यवाही या शब्दांत काय काय बसू शकतं, याचा विचार मी केला नाही.

दहा दिवस काही झालं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी घरात हळद चालू होती. मी अंगाला हळद लावून, पंचा नेसून पाहुण्यांना पाट देत होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून रोलरचा आवाज आला. डांबराचा वासही आला. कोणीतरी सांगत आलं, "अनिलभाऊ, तुमच्या गतिरोधकाचं काम चाललंय!"

सगळ्या पाहुण्यांसमोर हे झालं. मी कमळाकडे बघितलं. एवढंच म्हटलं, "अर्ज नीट लिहिला की कामं होतात." आणि त्या माणसांसाठी किटलीभर चहा आणि हळदीचे लाडू पाठवून दिले. स्वतः जाऊन बघावं असं मनात आलं होतं, पण हळद लावून बाहेर जायचं नाही म्हणून हौसाबाईंनी अडवलं.

लग्नाचा मुहूर्त अकरा सत्तेचाळीसचा. रितेश नऊला यायचा होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी असा आवाज झाला, की कोणीतरी मोठी परात फरशीवर घासत ओढतंय. मग रितेशची किंकाळी ऐकू आली.

मी नवं धोतर सावरत धावलो. गतिरोधकाची नोंद झालेली होती. रेकॉर्डला यायचं म्हणजे त्यांच्या मापात बसायला हवं, म्हणून त्यांनी आमच्या सिमेंटच्या गतिरोधकावरच आणखी डांबराचा थर चढवून, रोलर फिरवून, पांढरे पट्टे मारून तो अधिकृत केला होता. बाजूला नवाकोरा फलकही लावला होता, 'पुढे गतिरोधक आहे'. आणि गाडीची पुढची चाकं अलीकडे, मागची चाकं पलीकडे आणि पोट बरोबर मधे टेकलेलं, अशी लाल कन्व्हर्टिबल, झेंडूच्या माळांसकट, त्याच्यावर बसली होती. मागची चाकं जेमतेम जमिनीला लागत होती आणि नुसती गरगर फिरत होती.

रितेश पांढऱ्या सुटात उभा होता. मला बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही मोजला होतात ना?"

"मी मोजला तेव्हा तो नव्हता," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं वेगळं, पण तोंडून हे निघालं.

गल्लीला दुसरा रस्ता नाही. घरासमोर उभी टेम्पो ट्रॅव्हलर आतच अडकली. वऱ्हाड गल्लीत येऊन उभं राहिलं. कोणी म्हणालं क्रेन बोलवा. क्रेनवाल्याला फोन लावला तर तो पावस गावाच्या बाजूला एका कलंडलेल्या ट्रकवर होता, बारापर्यंत येतो म्हणाला. कमळाने एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दादूकाका गर्दीतून पुढे आले. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, "काय नाय. होडी रुतली हाय. मागं ओढायची."

"गाडी आहे ती!" रितेश म्हणाला.

"बूड टेकला की सगळ्या सारख्याच," दादूकाका म्हणाले, आणि खाली बंदराकडे तोंड करून त्यांनी अशी हाक दिली, की हॉलवर पोचलेल्या पाहुण्यांनाही ती ऐकू गेली असावी.

दहा मिनिटांत चौदा माणसं वर आली. ओंडके आले, होडी ओढायचा जाड दोर आला. दोर गाडीच्या मागच्या आकड्याला बांधला, ओंडके चाकांखाली सारले. आठ जण दोराला, सहा जण बाजूंना हात घालून. मी धोतर खोचून दोराला लागायला गेलो, तर दादूकाका म्हणाले, "तू बाजूक. नवरीचा बाप हायस." मला ते मानाचं वाटलं. नंतर कळलं, की माझ्या हाताला जोर नाही म्हणून तसं म्हणाले.

"ओढाऽऽ हो!" पहिल्या हाकेला काही झालं नाही. दुसऱ्या हाकेला गाडी कण्हली. तिसऱ्या हाकेच्या आधी रितेशला काय वाटलं कोण जाणे, बंपरला ओरखडा पडेल म्हणून तो धावत मागे आला आणि तिथे हात धरून उभा राहिला. "ओढाऽऽ हो!" गाडी ओंडक्यांवरून सरकून सरळ मागे आली. रितेशने वेळेवर बाजूला उडी मारली. मारली ती हौसाबाईंच्या टोपलीत. त्या बंदरावरून थेट लग्नाला आल्या होत्या आणि बर्फातले बांगडे घटकाभर गटाराच्या कडेला ठेवून दोर बघत उभ्या होत्या.

पांढरा सूट कमरेपर्यंत भिजला. टाळ्या वाजल्या त्या गाडीसाठी, पण रितेशचा गैरसमज झाला.

दोघांनी गाडीखाली वाकून बघितलं. पोटाला चरे पडले होते, बाकी सगळं जागच्या जागी होतं. इंजिन सुरू झालं. साडेदहा वाजले होते. रितेश निथळत ड्रायव्हरच्या बाजूला निघाला, तेव्हा कमळा पुढे झाली.

"हा माणूस माझ्या मुलीशेजारी बसणार नाही."

"काकी, दुसरं कोण चालवणार?"

"मला माहीत नाही. पण बांगड्यांचा वास घेऊन माझी मुलगी बोहल्यावर उभी राहणार नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी टायरमधला. मी सगळी गल्ली नजरेखालून घातली. चौदा जण होते, त्यातले सगळे समुद्रावर बोट चालवणारे. मग मागून आवाज आला, "मी चालवते."

दिशा होती. नऊवारी, खोपा, नथ, मुंडावळ्या, सगळ्यासकट कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

रितेश म्हणाला, "ताई, ही साधी गाडी नाही."

"माहिताय मला. चार वर्षं कंपनीच्या ट्रॅकवर हेच करते. रोज जोरात पळवायची आणि रोज थांबवायची." तिने हात पुढे केला. "चावी द्या."

चावी त्याने कशी दिली माहीत नाही. कमळा म्हणाली, "अगो, नवरी कधी..." आणि घड्याळाकडे बघून थांबली. नऊवारी असल्यामुळे दिशाला पाय मोकळे होते. ती सरळ बसली, सीट पुढे घेतली, आरसा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, बसा ना. दोन माणसांची गाडी आहे."

मी बसलो. बसलो म्हणजे पडलो. ती गाडी इतकी खाली आहे, की गुडघे छातीशी येतात. टेम्पोत चढणारी बायकामाणसं मला वरून बघत होती. पण मी कोणाकडेच बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर सगळ्यांना माझे डोळे दिसले असते.

दिशा गाडी छान चालवते. मला स्टेअरिंगचं काही कळत नाही, पण खालून टायरचा आवाज कळतो. वळणावर एकदाही टायर ओरडला नाही. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. धुरळा होता, तांबडा, भरपूर, आमच्या दोघांच्या तोंडावर. मारुती मंदिराच्या अलीकडे ट्रॅफिकच्या हवालदाराने हात करून थांबवलं आणि वाकून विचारलं, "नवरी कुठाय?"

"मीच," दिशा म्हणाली.

"आणि हे?"

"माझे बाबा."

त्याने दोघांकडे पुन्हा बघितलं आणि उरलेल्या तीन बाजूंची रहदारी अडवून आम्हाला पुढे सोडलं.

जरा पुढे गेल्यावर मी म्हटलं, "तुला चालवायची होती, तर आधी सांगायचंस."

"दोनदा सांगायला गेले. तुम्ही सगळ्यांना विचारलंत बाबा, दादूआजोबांना, हौसामावशीला, माझ्या सासूबाईंना. मला तेवढं विचारलं नाहीत."

ते खरं होतं. मग विचारलं, "कुठली हवी होती तुला?"

"कूपे," ती म्हणाली. "पळायला तीच चांगली. खोपा काय, हॉलवर जाऊन बांधता आला असता."

एक महिना, दोन अर्ज आणि एक टेप. ती हसायला लागली, आणि मीही हसलो. धुरळा दातांत गेला.

हॉलच्या दारात देवरूखची मंडळी ओळीने उभी होती. आरतीचं तबक घेऊन योगिनीताई सगळ्यांच्या पुढे. सून स्वतः गाडी चालवत येतेय, बापाला शेजारी बसवून, आणि दोघंही विटेच्या रंगाची झालेली, हे त्यांनी दुरूनच बघितलं असणार. मी मनात वाक्य जुळवत होतो. दिशा उतरली. योगिनीताईंनी तबक शेजारणीच्या हातात दिलं, पदराचं टोक हातात घेऊन तिचं तोंड पुसलं, कपाळ, गाल, नथीच्या खालून. म्हणाल्या, "सांगितलं होतं मी." आणि मग हळूच, पण मला ऐकू येईल अशा बेताने, "मलाही शिकवशील का गं?"

सनई सुरू झाली. फोटोवाला पुढे धावला, अक्षता पडल्या आणि सगळी मंडळी दिशाला घेऊन आत गेली.

मी गाडीतच होतो.

मी उतरायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. डावा पाय बाहेर काढला तर धोतर दारात अडकलं. दाराला धरून उठायला गेलो तर दारच पुढे गेलं. पाठ मागे, गुडघे वर, आणि धरायला काहीच नाही, छप्पर मागे घडी घालून पडलेलं. कोणाला हाक मारावी तर बापाला गाडीतून उपसून काढला अशी चर्चा व्हायची. म्हणून मी मुकाट बसून राहिलो.

मग पाहुणे येऊ लागले. पहिले माझे कार्यशाळेतले साहेब. त्यांना वाटलं, मला मुद्दाम तिथे स्वागताला बसवलंय. त्यांनी हात जोडले, मीही बसल्या बसल्या हात जोडले. "वा, नवीन पद्धत दिसतेय," म्हणत ते आत गेले. त्यांच्या मागच्यांनीही तसंच केलं. दहा मिनिटांत तिथे रांग लागली. मी प्रत्येकाला "या, या, जेवून जा" म्हणत होतो. एका बाईंनी मला पेढाही भरवला. मुहूर्ताला बारा मिनिटं उरली होती आणि आत कन्यादानाला बाप शोधत होते.

अजिंक्य बाहेर आला. मुंडावळ्या बांधलेला, हातात नारळ. नवऱ्याने आता बाहेर यायचं नसतं म्हणून त्याच्या मागे दोघं-तिघं ओरडत होते. रांग बाजूला झाली. तो गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितल्यावर त्याच्या सगळं लक्षात आलं. शहाणा मुलगा आहे. नारळ बॉनेटवर ठेवला, वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सहज विचारलं, "काय बाबा, कशी वाटली गाडी?"

आत्तापर्यंत तो मला काका म्हणायचा.

"बसायला उत्तम आहे," मी म्हटलं. "हात दे."